दोन इंच माया

आज लेकीसाठी माझा जुना कुर्ता उसवायला घेतला. बाहेरून पार विटलाय, पण शिवण उघडली तर आत मुडपलेल्या कापडाचा राणी रंग अजून तस्साच! खळीचा वास तेवढा गेलाय. तो मला पाठ आहे, दुबईच्या मीना बाजारातल्या त्या टेलरच्या दुकानातला.

मी चौदा वर्षांची होते. माझे बाबा माझ्याच मैत्रिणीच्या, ऋताच्या आईशी लग्न करणार होते. लग्नासाठी आम्हा दोघींना एकाच ताग्यातले कुर्ते. मी आठवडाभर ऋताशी बोलले नव्हते. घर माझं, बाबा माझे, आणि ही आयती येणार!

टेलरमास्टर सोलापूरचे. माझं माप घेताना ऋताची आई त्यांना म्हणाली, "हिच्या कुर्त्यात माया जरा जास्त ठेवा हं. वाढतं अंग आहे."

शिवणीत राखलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, हे जन्मापासून दुबईतच वाढलेल्या ऋताला कुठलं ठाऊक! ती ताडकन उठली. "व्हाय ओन्ली हर? मम्मा, मी तुझी मुलगी आहे!"

मास्टर हसले. "बाळा, कापड भरपूर आहे. दोघींना पुरेल."

मीही हसले, जरा जास्तच. घाबरलेली मी एकटीच नव्हते तर!

आता टेप लावून मोजलं आणि ऋताला फोन केला. "माझी माया दोन इंच भरली गं."

"आय नो," ती म्हणाली. "कुर्ते घरी आले त्याच दिवशी मी दोन्ही मोजले होते. सेम होती."