अयाम्बिरेच्या आवारातला लाल ट्रॅक्टर

तेंगान बत्तीस वर्षे ट्रॅक्टर चालवत होता आणि त्यांपैकी एकही ट्रॅक्टर त्याचा स्वतःचा नव्हता. जिरापा गावाच्या आसपास नांगरणीचे दिवस आले की लोक मालकाकडे न जाता थेट त्याच्याकडे येत, कारण त्याने घेतलेले नांगराचे तास दोरी लावल्यासारखे सरळ असे. या काळात त्याचे तीन मालक झाले आणि तिघांचीही घरे त्याच्या डोळ्यांदेखत पक्की झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःचा ट्रॅक्टर घेण्यासाठी त्याने आपल्या नऊ गाई विकल्या आणि शेवटी बैलजोडीही विकली.

"बैल तरी ठेवा," बायको, पोगसा, म्हणाली होती.

त्याने ठेवले नाहीत. आता ट्रॅक्टर चालला नाही, तर घरची आठ एकर जमीन नांगरायला दारात काहीही उरलेले नव्हते.

तमाले शहरात परदेशातून आलेल्या जुन्या ट्रॅक्टरांची आवारे आहेत. पहिल्या दोन दिवसांत त्याने चार आवारे पालथी घातली आणि कोठेही तो फसला नाही. एका ठिकाणी त्याने इंजिनावर नुसता तळहात टेकवला. "हे गरम कसं? मी यायच्या आधी सुरू करून ठेवलंत होय?" एवढे विचारून तो बाहेर पडला. दुसऱ्या ठिकाणी तेलाच्या झाकणाखाली त्याला पांढरट साय दिसली, म्हणजे तेलात पाणी उतरत होते. तेथे त्याने किंमतही विचारली नाही.

तिसऱ्या दिवशी तो अयाम्बिरेच्या आवारात शिरला. अयाम्बिरे फ्राफ्रा, तेंगान दागाबा. या दोन जमातींत थट्टेचे नाते आहे. भेटताक्षणी एकमेकांचा उद्धार करायचा आणि काहीही ऐकावे लागले तरी रागवायचे नाही. जो रागावला, तो सगळ्या जमातीला खाली पाहायला लावतो.

"आला, माझा पळालेला गुलाम आला!" अयाम्बिरे खुर्चीतूनच ओरडला. "इतकी वर्षं कुठं तोंड लपवून बसला होतास रे?"

"तुला विकायला गिऱ्हाईक शोधत होतो. पण कुत्र्याचं मुंडकं खाणाऱ्या फ्राफ्राला कोणी फुकटसुद्धा घेईना."

मिस्त्री हसले, लापशी विकणारी बाई हसली. तमालेत तीन दिवसांत प्रथमच तेंगानला आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.

आवारात एक लाल ट्रॅक्टर उभा होता; तो त्याने क्रमाने तपासला. इंजिन थंड होते आणि एका झटक्यात सुरू झाले. तेल स्वच्छ होते. इतके स्वच्छ, की ते कालच बदललेले असावे. क्लच नीट होता. मग इंजिनाच्या डाव्या अंगाला त्याला हातभर जागेत बाकीच्यापेक्षा ताजा रंग दिसला.

"हे काय?"

"ब्लॉकला तडा आहे," अयाम्बिरे मोठ्याने म्हणाला, "तुझ्या टाळक्याला आहे तसाच. आत लुकण भरलंय, वर रंग फासलाय. घेऊ नकोस बाबा, शेतात रडत बसशील. दागाब्याचं रडणं मला झोपू देत नाही."

सारे आवार खदखदले. तेंगानने अंगठ्याचे नख त्या रंगावर टेकवले होते. नुसते ओढायचे बाकी होते. दुसऱ्या कोणत्याही आवारात त्याने ते ओढलेच असते. पण फ्राफ्राच्या थट्टेला घाबरून दागाबा रंग खरवडू लागला, ही गोष्ट त्याच्या आधी जिरापाला पोचली असती. त्याने हात काढून घेतला आणि सगळ्यांहून मोठ्याने हसला.

"तडा गेलेल्या मालाचे किती घेतोस, लबाडा?"

"नव्वद हजार सेदी."

"साठ. तेही तुझ्या पोरांकडे बघून."

"गुलामाशी काय घासाघीस करायची! सत्तर दे आणि तोंड काळं कर."

किंमत इतक्या सहज उतरली, याचाही अर्थ तेंगानने नात्याचा मान असाच लावला.

रस्त्यावर टायर झिजू नयेत म्हणून त्याने ट्रॅक्टर ट्रकवर चढवून गावी आणला. शेतात तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन धापा टाकू लागले. त्याने तेलाची पट्टी उपसून पाहिली; तेल दुधासारखे झाले होते. मग त्याने तो रंग नखाने ओढला. लुकणाचा पोपडा निघाला आणि खालून वीतभर भेग उघडी पडली.

त्याने फोन लावला. या वेळी अयाम्बिरेच्या आवाजात थट्टा नव्हती.

"मी तुला सांगितलं होतं, भाऊ. तडा आहे म्हणालो, घेऊ नकोस म्हणालो. दहा माणसांनी ऐकलंय. मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही."

"मला वाटलं, तू थट्टा करतोयस."

"थट्टाच केली. पण खरी केली."

गावातल्या वडीलधाऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्यांतल्या सर्वांत वृद्ध गृहस्थाने निवाडा दिला: थट्टेच्या नात्यात बोललेल्या शब्दावर तक्रार चालत नाही, आणि या शब्दात तर खोटेही काही नव्हते. मागे बसलेला एकजण हसू आवरण्यासाठी उठून बाहेर गेला. तेंगानने त्याला जाताना पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले.

तेंगान जुन्या मालकाकडे काम मागायला गेला, तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा चालक बसलेला होता. नवे इंजिन तमालेहून आणायचे, तर विकायला गाई नव्हत्या.

त्या वर्षी पोगसा आणि तो कुदळीने जमीन खणू लागले. पेरणीची वेळ टळेपर्यंत दीड एकर झाली. उरलेल्या साडेसहा एकरांत गवत कमरेएवढे वाढले.