पंगतीत शेवटपर्यंत जेवणारा जोतिबा

पिरनवाडीच्या जोतिबाला गावात एकच मान होता, तो म्हणजे पंगतीत शेवटपर्यंत जेवत राहण्याचा. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही ही रीत, त्यामुळं त्याच्या सतराव्या पोळीसाठी अख्खी पंगत खरकटे हात वाळवत बसायची. पाच वर्षांमागं जत्रेत मात्र तो नवव्या पोळीलाच थांबला. गाव हसलं. बायको राजाबाई घाबरली आणि त्याला ओढतच बेळगावला दवाखान्यात घेऊन गेली. दुर्बिणीनं तपासल्यावर जठराचा कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन करून निम्म्याहून जास्त जठर काढलं.

"इतक्या लवकर कसं ध्यानात आलं तुमच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊच पोळ्या गेल्या, साहेब," जोतिबा शरमून म्हणाला. "माझ्यासारख्या खादाडाला उपासच की त्यो!"

यंदाच्या तपासणीतही रोगाचा मागमूस निघाला नाही, म्हणून राजाबाईनं हौसेनं गावजेवण घातलं. जोतिबाची अर्धी पोळी केव्हाच संपली. हात वाळला, पायाला मुंग्या आल्या, तरी समोरचा म्हातारा चौथ्या पोळीवर तूप मागतच होता.

वाढायला आलेल्या राजाबाईला जोतिबा हळूच म्हणाला, "अगं, ह्या लोकांनी मला इतकी वर्षं जित्ता कसं सोडलं गं?"