शनिवारचे स्टोइक

किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. जुन्या वर्तमानपत्रांसारखे. एखाद्या दिवशी कपाट उघडावं तर अख्खा गठ्ठा अंगावर! परवा दवाखान्यात एक पेशंट फार घाबरला होता. त्याला मी सहज म्हटलं, "वाईटात वाईट काय होईल, त्याचा आधीच विचार करून टाका." तो खुर्चीतून उठायलाच लागला. मग त्याला लिमये सरांबद्दल सांगणं भाग पडलं. एक किस्सा निघाला की मागून दुसरा येतोच. आणि माझ्यासमोर बसलेल्याचं तोंड उघडं असतं, त्यामुळे तो मला थांबवूही शकत नाही.

मी दातांची डॉक्टर. माहेर साताऱ्याकडचं, लग्न होऊन रत्नागिरीत आले. आमच्याकडे माणूस चिडला की तोंडावर शिव्या देतो. इथे तो सुपारी कातरतो, दोन मिनिटं थांबतो आणि मग असं काही बोलतो की आपण घरी पोचल्यावर आपल्याला लागतं! या गावात स्टोइक तत्त्वज्ञान शिकवायला निघालेल्या माणसाची हिंमतच म्हणायची.

१९९८ साली वाचनालयाच्या बोर्डावर चिठ्ठी लागली होती : "प्राचीन रोममधील स्टोइक विचार. मूळ लॅटिनवरून मराठीत. दर शनिवारी सायंकाळी पाच वाजता. चहा मिळेल."

चहासाठी म्हणून गेले आणि पुढे तीन वर्षं जात राहिले.

चिठ्ठी होती लिमये सरांची. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेले. तरुणपणी मुंबईत एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे लॅटिन शिकले होते. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या एका स्टोइकाने आपल्या मित्राला पत्रं लिहिली होती, ती सर मराठीत आणत होते. स्टोइकांचं म्हणणं थोडक्यात असं, की जे आपल्या हातात नाही त्यासाठी रडायचं नाही आणि जे हातात आहे ते नीट करायचं. ऐकायला अगदी सोपं!

आम्ही कायमचे चौघं. सर, हापूसचे बागायतदार अण्णा, वाचनालयाचे ग्रंथपाल सुर्वे आणि मी. बाकीचे चहापुरते येऊन जाऊन असायचे.

*

सरांनी वाचनालयाची जाडजूड लॅटिन डिक्शनरी घरी नेली होती. नियम पंधरा दिवसांचा. सरांना ती नेऊन अकरा वर्षं झाली होती!

सरांच्या पत्नी गेल्या त्याच महिन्यात ती नेलेली. मुलगी मृणाल तेव्हा दहा वर्षांची. संध्याकाळी एकीकडे तिचा अभ्यास घ्यायचा आणि दुसरीकडे एकेक पत्र मराठीत उतरवायचं, असं त्या घरात चालायचं. सुर्वे दर वर्षी न चुकता स्मरणपत्र पाठवत आणि सर दर वर्षी न चुकता "पत्र मिळाले, आभारी आहे" असं उलट टपाली कळवत.

एका शनिवारी सर अगदी रंगात आले होते. "आपलं असं काही नसतंच मुळी! घर, पैसा, माणसं, सगळं काही दिवस वापरायला मिळालेलं. मागणारा दारात आला की कुरकुर न करता देऊन टाकायचं. 'हरवलं' म्हणायचं नाही. 'परत केलं' म्हणायचं."

सुर्वे शांतपणे उठले, रजिस्टर घेऊन आले आणि सरांसमोर उघडून उभे राहिले.

"सर, मागणारा आलाय. डिक्शनरी?"

सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "सुर्वे, मी माणसांबद्दल बोलत होतो. डिक्शनरी हा संदर्भग्रंथ आहे!"

*

या स्टोइकांचा एक व्यायाम होता. पुढे जे वाईट होऊ शकतं ते आधीच मनात घडवून बघायचं, म्हणजे खरोखर घडलं की माणूस कोसळत नाही. सरांनी त्याला नाव दिलं, वाईटाची तालीम. दर शनिवारी प्रत्येकाने एक वाईट गोष्ट सांगायची.

पहिल्याच दिवशी सुरुवात अण्णांपासून केली, ही सरांची चूक झाली.

"यंदा थंडी पडायची नाही. पडली तर मोहोर येईल, पण त्यावर तुडतुडे येतील. त्यातून वाचला तर अवकाळी पाऊस आहेच. पाऊस नसला तर उन्हाने फळ भाजेल. उरलंसुरलं वानर खातील. वानरांनी ठेवलं तर गडी सुट्टीवर जाईल. गडी आला तर टेम्पो घाटात बंद पडेल..."

"अण्णा, एकच सांगायचं होतं," सर म्हणाले.

"एकच सांगतोय. आंबा!"

वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हा अण्णांचा टेम्पो अजून घाटातच होता.

गंमत पुढे आहे. त्या वर्षी असा आंबा लागला की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. सगळे बागायतदार खूश. अण्णा मात्र शनिवारी तोंड पाडून बसलेले.

"काय झालं अण्णा?"

"काय होणार? सरांनी याची तालीम कुठे घेतली होती?"

सरांची स्वतःची पाळी आली की ते मात्र एकच वाक्य बोलायचे, "मृणाल जाईल." मृणाल समुद्री जिवांवर पीएच.डी. करायला परदेशात जाणार, हे तेव्हा नुसतं घाटत होतं. सर दर आठवड्याला तेवढे दोन शब्द बोलायचे आणि चहाचा कप उचलायचे.

*

त्या रोमन पत्रांत आणखी एक उपाय सांगितलेला. श्रीमंताने महिन्यातून काही दिवस अगदी साधं, जाडंभरडं खावं आणि स्वतःला विचारावं, "ज्याला मी घाबरत होतो ते हेच का?" म्हणजे गरिबीची भीती जाते.

सरांनी लगेच बेत ठरवला. त्यांच्याच घरी रविवारी दुपारी. कुळथाचं पिठलं, उकड्या तांदळाचा भात, नाचणीची भाकरी. गोड नाही, तूप नाही. मृणालने चुलीवर सगळं केलं आणि आम्ही पाटावर बसलो.

 पाच मिनिटं फक्त भुरक्यांचे आवाज. पिठल्यात ठेचलेली लसूण होती आणि वर कोकमाची किंचित आंबट चव. सुर्वे तिसऱ्यांदा भात घेत होते.

सरांना राहवलं नाही. "अरे, ही गरिबीची तालीम आहे! विचारा स्वतःला, ज्याला मी घाबरत होतो ते हेच का?"

अण्णांनी पान पुढे केलं. "मृणाल, जरा अजून गरिबी वाढ बघू."

*

हा माझ्या दवाखान्यातला. सरांची दाढ किडली होती, काढायलाच हवी होती. मी इंजेक्शन भरायला घेतलं तर सरांनी हात वर केला.

"नको. वेदना बाहेरची असते. ती वाईट आहे हे फक्त आपलं मत. आणि मत आपल्या हातात असतं."

"सर, दाढ माझ्या हातात असणार आहे."

"तू सुरू कर."

मी काही दाढ काढायला निघाले नव्हते, एवढी मी निर्दय नाही. फक्त हत्याराच्या टोकाने त्या दाढेला हलकेच टक् केलं.

सर लॅटिनमध्ये ओरडले! बाहेर बसलेले तीन पेशंट उठून घरी गेले, त्यातला एक पुन्हा कधीच आला नाही.

सगळं शांत झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणालात सर?"

"मत बदललं, म्हणालो. इंजेक्शन दे."

*

गुहागरला सरांचं व्याख्यान होतं, आम्ही तिघं भाड्याच्या जीपने निघालो. एका चढावर जीप बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेट उघडलं, मिटलं.

मी चिडले. व्याख्यानाला अर्धा तास उरला होता. सर मात्र मागच्या सीटवर बसून अण्णांना आणि मला समजावत होते. "चिडून काय उपयोग? सगळ्या गोष्टींचे दोन भाग करायचे. आपल्या हातातल्या आणि आपल्या हातात नसलेल्या. आता ही जीप बघा..."

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं आत घातलं. "बाबानू, जीप तुमच्या हातात नाय ता बरोबर. पन धक्का हाय ना? मंग उतरा!"

व्याख्यानाला सर घामाघूम होऊन पोचले. त्या दिवशी त्यांनी सुरुवातच त्या ड्रायव्हरच्या वाक्याने केली, आणि माझ्या मते ते त्यांचं सगळ्यात चांगलं व्याख्यान झालं.

*

वाचनालयाच्या वार्षिक समारंभात सरांना मोठा विषय दिला होता, "स्टोइकांचा पुढच्या जगावर प्रभाव". सरांनी दीड तास घेतला. मठांतल्या साधूंनी ती पत्रं कशी नकलून ठेवली, नाटककारांनी आपल्या नायकांना मरताना कशी शांत आणि लांबच लांब भाषणं दिली, तुरुंगातल्या कैद्यांपासून राजांपर्यंत कोणकोण ती वाचत आलं, आजचे मनाचे डॉक्टरही त्यांच्याच वाटेने कसे जातात, सगळं सांगितलं.

शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "हे ठीक. पण रत्नागिरीवर काय प्रभाव?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. अण्णा उठून उभे राहिले.

"आमच्यावर त्यांचा प्रभाव कशास पडेल? त्यांची जहाजं आपल्या बाजूला मिरी न्यायला यायची की नाही? मग? मिरीबरोबर आपला स्वभावही नेला असणार!"

हॉलमध्ये टाळ्या. सर गंभीरपणे म्हणाले, "पुरावा नाही. पण खोडताही येत नाही."

*

आणि मग मृणालचं खरंच ठरलं.

तीन वर्षं दर शनिवारी सरांनी ज्याची तालीम केली ते आता ऑगस्टमधल्या एका गुरुवारी होणार होतं. मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून मामा विमानतळावर पोचवणार. सर रत्नागिरी स्टेशनवरूनच निरोप देणार होते. घरात दोनच माणसं, त्यातलं एक जाणार. आम्हाला सरांची काळजी वाटत होती, आणि ती बोलून दाखवायची इथे पद्धत नाही म्हणून अण्णा म्हणाले, "सर, तुम्ही रडणार!"

"रडणार नाही," सर म्हणाले. "गाडी पाच मिनिटं थांबते. पाच मिनिटं मला जमेल."

गुरुवारी सकाळी आम्ही सगळे प्लॅटफॉर्मवर. गाडी दहा चाळीसची. साडेदहाला सरांनी मृणालच्या डोक्यावर हात ठेवला, लॅटिनमधल्या दोन ओळी म्हटल्या, त्यांचा मराठी अर्थ सांगितला, आशीर्वाद दिला. आवाज स्वच्छ, डोळे कोरडे. मृणालने वाकून नमस्कार केला. इतकं सुंदर झालं की सुर्वे टाळ्या वाजवणार होते.

तेवढ्यात घोषणा झाली. मागे रुळांवर दरड आली आहे, गाडीला चार तास उशीर!

आता काय करणार? सगळं बोलून झालेलं! आम्ही बाकावर बसलो. अण्णांनी फणसाचे तळलेले गरे काढले. बाहेर पाऊस, आत कुरूमकुरूम.

मृणाल सांगू लागली, "बाबा, गॅसचा नंबर लावलाय. पंपाचं बटण अडकतं, खालून टिचकी मारायची. निळी गोळी जेवणाआधी, पांढरी नंतर. आणि मी दहा मेला येतेय. पुढच्या वर्षी, आंब्याला."

"बरं," सर म्हणाले.

अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, "निळी गोळी कधी म्हणालीस?"

"जेवणाआधी."

पुन्हा अर्ध्या तासाने, "निळी कधी गं?"

ती गोळी सर सहा वर्षं घेत होते. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी उठून उगाच वजनाच्या काट्यावर जाऊन उभी राहिले. मृणालने मात्र तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे सांगितलं.

अखेर पावणेतीनला गाडी आली. सामान चढलं. चढता चढता मृणालने एक कापडी पिशवी सुर्वेंच्या हातात दिली. "काका, तुमचं आहे." सुर्वेंना वाटलं, जेवणाचा डबा. त्यांनी ती काखेत मारली.

"दहा मे!" खिडकीतून मृणाल ओरडली. गाडी हलली, वळणावर गेली, दिसेनाशी झाली.

सर ताठ उभे. डोळे कोरडे! रडत होते ते अण्णा, छत्रीआड तोंड करून, हमसून हमसून. सरांनी त्यांना रुमाल दिला. "अण्णा, तुमची तालीम कमी पडली."

तेवढ्यात सुर्वेंनी पिशवी उघडली. आत डिक्शनरी होती. चौदा वर्षांनी परत आलेली, कोऱ्या कव्हरात, वर मृणालच्या अक्षरात वाचनालयाचं नाव.

सरांनी ती सुर्वेंच्या हातात बघितली. हळूच बाकावर बसले. आणि असे रडले, असे रडले, की हमालसुद्धा थांबून बघायला लागले.

"सुर्वे," ते कसंबसं म्हणाले, "तेवढी नका हो नेऊ."

अण्णांनी नाक पुसलं. "सर! रडलात!"

"डिक्शनरीसाठी!" सर ओरडले.

 सुर्वेंनी खिशातून पेन काढलं, शेवटच्या पानावरच्या तारखांच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि डिक्शनरी सरांच्या मांडीवर ठेवली.

सरांनी चष्मा पुसून परतीची तारीख वाचली.

"दहा मे?" ते म्हणाले. "सुर्वे, नियम पंधरा दिवसांचा आहे ना?"

"सर," सुर्वे म्हणाले, "नियम माझ्या हातात आहे."