म्हशीच्या वाट्याची पेज

नवेगाव बांध या गावात देवकाबाईइतकी सुनेवर जीव टाकणारी सासू दुसरी नव्हती आणि तिच्याइतकी हट्टीही नव्हती. हे दोन्ही गुण एकाच बाईत आले की काय होतं, ते आम्ही शेजाऱ्यांनी एकोणीसशे अडतीस साली पाहिलं.

सून शामकला, माहेर दरेकशाचं. तिला पहिला मुलगा झाला आणि देवकाबाईला आभाळ ठेंगणं झालं. तोवर घरचं धान ढेकीवर सडत. ढेकीचा मागचा दांडा पायाने दाबून सोडला की पुढचं मुसळ धानावर आदळतं. तो तांदूळ तांबूस निघे. "माह्या बाळंतिणीले असला भात देऊ काय?" म्हणत तिने मुलाला, बकारामला, धान घेऊन गोंदियाच्या गिरणीवर पिटाळलं. पांढराशुभ्र तांदूळ घरात आला, ढेकीवर कोंबड्या बसू लागल्या. शामकलाला दोन्ही वेळा तोच भात आणि वर तूप. डाळ, भाजी बाळंतिणीला बाधते म्हणून बंद.

पावसाळा सरेपर्यंत शामकलाचे पाय सुजले. पायांना मुंग्या येत, भिंत धरल्याशिवाय उठता येईना. देवकाबाई घाबरली. घाबरली की ती ओरडायची, त्यामुळे साऱ्या गावाला कळलं.

सरकारी दवाखान्याच्या नर्स सुशीलाबाई तेव्हा गावात फेरीवर आल्या होत्या; ओरडा ऐकून त्या घरी आल्या. त्यांनी पाय दाबून पाहिले, मग ओट्यावर बसून खाण्याची उलटतपासणीच घेतली.

"हिला काय देता?"

"गिरणीचा भात!" देवकाबाई तोऱ्यात म्हणाली.

"गिरणीतून आलेला कोंडा?"

"म्हशीले."

"भात शिजल्यावर निथळलेली पेज?"

"वेळून म्हशीले."

"डाळ, भाजी, तलावातली मासोळी?"

"ते आमाले."

सुशीलाबाईंनी गोठ्याकडे पाहिलं. म्हैस तुकतुकीत, तेल लावल्यासारखी. त्यांना हसू आवरेना. "बाई, बाळंतपण म्हशीचंच चांगलं चाललंय!"

देवकाबाई भडकली. "मंग सुनंले म्हशीचा चारा घालू?"

"तांदळाचा कस वरच्या पापुद्र्यात असतो. गिरणी तो काढते, उरलासुरला तुम्ही पेजेबरोबर ओतता. असंच चाललं तर हिचे पाय जातील आणि अंगावर पिणारं पोरही धोक्यात येईल."

देवकाबाईने कुणाशी न भांडता म्हशीसाठी वेळलेली पेज उचलून चुलीपाशी नेऊन ठेवली. हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच संध्याकाळी तिने ढेकीवरच्या कोंबड्या हाकलल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी रोज ती धान सडू लागली. शामकलाच्या ताटात तांबूस भात, मुगाची डाळ, अंबाडीची भाजी, बारीक मासोळी आली आणि वाटीत पेज. म्हशीने हंबरून घर डोक्यावर घेतलं. "ओरड! तुह्यापायी माही सून लंगडी होऊन रायली होती," असं देवकाबाई तिलाच दटावी. आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला म्हैस बरी.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. देवकाबाई तलावावरून मासोळी घेऊन येत होती, तर घरातून ढेकीचा आवाज. ढेकी चालवणारे पाय तर रस्त्यावर होते! ती धावत आत गेली. शामकला आधाराला टांगलेली दोरी धरून ढेकीवर उभी, पोर शेजारी पाटीत झोपलेलं.

देवकाबाई उंबऱ्यात बसली आणि मोठ्याने रडली.

"आई, रडून काऊन रायल्या?" शामकलाने पेजेची वाटी तिच्यापुढे धरली. "आता तुमी प्या. तुमचे गुडघे दुखून रायले ना?"

देवकाबाई प्यायली. तळाची घोटभर मात्र म्हशीसाठी ठेवली.