पेडलचे दोन आकडे

हे मी घरातही कधी बोललेलो नाही. चार वर्षं झाली. आता एकट्याच्यानं पेलवत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय — आणि तरीही सुरुवात कुठून करू, कळत नाही.

गाडीपासून करतो. मी खोडाळ्यात राहतो, शाळेत गणित शिकवतो. माझी जुनी जीप चढावर मध्येच मान टाकायची. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी इंजिन ढिम्म. मेकॅनिकनं डिझेल फिल्टर बदलला, फरक शून्य. मग मीच मीटर घेऊन बसलो. पेडलला सेन्सर असतो. पाय किती दाबला ते तो दोन तारांवरून इंजिनला कळवतो. एका तारेवरचं व्होल्टेज दुसरीच्या दुप्पट हवं. माझ्या गाडीत पेडल थोडं दाबलं की दुसरा आकडा मध्येच शून्यावर यायचा. चाळीस वेळा दाबलं, सात वेळा आला. शेजारचा रामदास कुंपणावरून म्हणायचा, "सर, नापास गाडीला अजून किती दिवस शिकवणी?"

त्या रविवारी सकाळी मी नाशिकहून आणलेलं नवं पेडल बसवलं. शंभर वेळा दाबून पाहिलं. एकदाही चूक नाही. मोखाड्यापर्यंत जाऊन आलो — चढावर एकदाही अडली नाही. रामदास तेव्हा नागलीच्या शेतावर होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

दुपारी तो धावत आला. "सर, बाच्या छातीत कळ येते, घामानं भिजलाय. अ‍ॅम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलीय. तुमची गाडी —" आणि स्वतःच अडखळला. "चालते का ती?"

मी म्हणालो, "नाही रे. सेन्सर गेलाय. चाळीसात सात वेळा दगा देते. नाशिकच्या घाटात बंद पडली तर काय करशील?"

आकडा खरा होता — आदल्या दिवसापर्यंतचा.

का बोललो असं? गाडीची भीती होती? नव्हती. भीती होती ती म्हातारा माझ्याच सीटवर गेला तर, याची. मग रडारड, पोलीस, लोकांचे प्रश्न — मला ते नको होतं.

रामदासनं हुज्जत घातली नाही. रस्त्यावर जाऊन उभा राहिला. पाऊण तासानं भाजीचा पिकअप मिळाला. म्हातारा त्र्यंबकच्या अलीकडेच गेला. पाऊण तास आधी निघाले असते तर वाचला असता? माहीत नाही. पण या 'माहीत नाही'च्या आड मी लपणार नाही.

त्यानंतर दोन आठवडे मी जीप जागची हलवली नाही. मग सांगितलं, नवं पेडल आणलं. म्हणजे खोटं एकदा बोललो नाही — चौदा दिवस जपून वाढवलं.

दहाव्याला रामदास सगळ्यांसमोर म्हणाला, "सरांनी खरं काय ते सांगितलं म्हणून बरं. नाहीतर घाटातच अडकलो असतो." लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. कशी डोलावली मी?

हल्ली त्याची आई आजारी असते. परवा म्हणाला, "आता तुमची गाडी बरी आहे ना सर, मग मला आईचा घोर नाही."

मी "हो" म्हणालो.

रामदास, तुझा बाप घामानं भिजला होता त्या दुपारीही गाडी बरी होती. मी नेलं नाही.