कळसच्या स्वयंपाकघरातली तक्रार

"तिला कशाला घेतोयस बरोबर? ती काय ऱ्हाणार हाय व्हय वरच्या खोलीत? आज हितं, उद्या सासरी."

काका हे पप्पांना हळू आवाजात म्हणाले. पण काकांचा हळू आवाज जळोचीतल्या आमच्या गल्लीत टोकापर्यंत ऐकू जातो. मी गाडीत मागे बसले होते आणि काच खाली होती. पप्पा नुसतं म्हणाले, "येऊ दे की, रविवार हाय," आणि त्यांनी गाडी सुरू केली.

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्या सकाळी मी इतकी खुशीत होते, की ते फार टिकलं नाही.

आमच्या गच्चीवर खोली होणार होती. मी शाळेत असल्यापासून गच्चीच्या कोपऱ्यांत कॉलमच्या सळया उभ्या आहेत, गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या. "पुढं वर बांधायचंय" हे इतकी वर्षं ऐकलं, की मम्मीनं शेवटी सळयांना दोरी बांधून कपडे वाळत घालायला सुरुवात केली. मग मला घरून करायचं काम मिळालं. मुलांचे इंग्रजी निबंध तपासायचे आणि कॉलवर त्यांच्याशी बोलायचं. मी हॉलमध्ये बसले, की येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या मागे उभा राहून स्क्रीनमध्ये डोकावतो. आधीच मला चार माणसांत बोलायला जमत नाही. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी ऐकून भावकीत हसतात, म्हणून मी तिथे गप्पच बसते. पप्पांनी हे कधी बघितलं कोण जाणे. एक दिवस जेवताना म्हणाले, "वर खोली काढू. तुझं काम तितं करत जा." त्या संध्याकाळी मी ओढणीनं गच्ची मोजली. खिडकी उसाच्या बाजूला, टेबल खिडकीपाशी आणि दाराला आतून कडी. सगळं ठरलं होतं. फक्त बांधणारा ठरायचा होता.

एक होता काकांच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर, बारामतीत ऑफिस असलेला. दुसरा कळसचा मिस्त्री, मम्मीच्या मावसबहिणीनं सुचवलेला. आमच्याकडे बांधणाऱ्याला फार विचारत बसत नाहीत, त्यानं बांधलेलं घर बघायला जातात. मुलगी बघायला जावं तसंच: आधी फोन, मग पोहे, पुरुष हॉलमध्ये, बायका आत.

कॉन्ट्रॅक्टरनं बांधलेलं लासुर्ण्याचं घर रस्त्यावरूनच चमकत होतं. हॉलच्या छताला पीओपीची फुलं, त्यांत निळे दिवे.

"दादा, हाटेलच की रं हे!" काका मान वर करून म्हणाले.

त्या घरचे तात्या खूश झाले. त्यांनी भर उन्हात सगळे दिवे लावून दाखवले. कॉन्ट्रॅक्टरबद्दल म्हणाले, "एक नंबर माणूस. आपल्यातलाच हाय."

"तू आत ये की गं, गड्यांत काय बसलीस," तात्यांच्या सुनेनं मला बोलावलं.

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्याच्या शेजारी दुसरं आणि त्याच्या शेजारी गेल्या वर्षीचं. मी बघतेय हे तिनं बघितलं. हसली आणि एक कॅलेंडर उचलून धरलं. मागे रंग फुगला होता, पापुद्रे सुटले होते.

"वरच्या बाथरूमचं पाणी मुरतंय. फोन केला की 'उद्या येतो, वहिनी'. बोलायला लय गोड." मग ती दाराकडे बघून कुजबुजली, "मी दाखवलं म्हणून बोलू नको हां कुठं. मामंजींनीच आणलेला त्यो."

मी मान हलवली. न बोलणं मला जमतं.

मिस्त्रीनं बांधलेलं कळसचं घर बघून काकांचा चेहरा पडला. पांढऱ्या भिंती, सपाट छत, एक ट्यूबलाइट. त्या घरचे आबा तर म्हणाले, "मिस्त्री? लय किरकिऱ्या. पाण्यावरनं माझं भांडाण झालं त्याच्याशी." काकांना एकदम तरतरी आली.

आत त्या घरच्या काकू भाकऱ्या थापत होत्या. त्यांचीही तक्रारच. "छळलं गं त्यानं! सकाळ, दुपार, संध्याकाळ भिंतीला पाणी मारायला लावायचा. एक दिस लग्नाला गेलो, पाणी ऱ्हायलं, तर दुसऱ्या दिशी कामच बंद. म्हणला, घर तुमचं हाय, त्याची तहान तुमी भागवायची. खिडकी तिरकी आली तर सोताच बांधलेली भिंत सोताच पाडली. पुन्हा धुरळा कुणाच्या डोक्यावर? माझ्याच!"

"आणि आता? काही गळतंबिळतं?" मी विचारलं.

"गळंल कशाला?" त्या भाकरी थापायच्या थांबल्या. "दिवाळीला फराळाला बोलावला, तर आधी गच्चीवर जाऊन बघून आला. चिवडा बसला हितं वाट बघत."

मी मोठ्यांदा हसले. ओट्यामागच्या भिंतीवर काहीच टांगलेलं नव्हतं. मी हळूच तिला तळवा लावला. कोरडी ठणठणीत. माझी खिडकी, माझं टेबल, कडी, सगळं मला त्या भिंतीत दिसायला लागलं. कधी एकदा गाडीत बसते आणि सांगते असं झालं होतं.

पण गाडीत काकांनी आधीच निकाल लावला होता. "दादा, घरमालकच म्हणतोय भांडाण झालं. मग कशाला त्यो? आन् रोज पाण्याची नाटकं कोण करणार? वहिनींचं गुडघं दुखत्यात, तू दिवसभर रानात. माझ्यावाला सगळं त्याच्या माणसांकडनं करून घेतो. लाव फोन, आजच हो म्हणून टाक."

पप्पा माझ्याकडे आरशातून बघतील असं वाटलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि फोन काढला. शेजारून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत सावकाश चालला होता; तो जाईपर्यंत ते थांबले. तेवढाच वेळ होता. कॅलेंडरांचं सांगायचं नव्हतं, मी शब्द दिला होता. कॉन्ट्रॅक्टर वाईट आहे असं म्हटलं, तर काका विचारणार, तुला काय कळतं. तरीही मला हसू येत होतं, कारण काकांच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं.

ट्रॅक्टर पुढे गेला.

"पप्पा," मी म्हणाले. काका दचकून मागे वळले. "कळसच्या मिस्त्रींना फोन लावा. पाणी मी मारेन."