सुई की दांडी

ताईला चष्मा लागला तेव्हा सोबत म्हणून धाकटी गेली होती. दुकानातला तरुण कारागीर ताईच्या नाकावर ती जड चौकट बसवून एकेक काच बदलत होता आणि दर वेळी विचारत होता, "आधीचं बरं की आताचं?" ताईचा स्वभाव भिडस्त. ती प्रत्येक काचेला "छान दिसतंय" म्हणत राहिली. शेवटी त्याने हात थांबवला. "मला खूश करू नका. दिसतं तेवढंच सांगा." ताई कानापर्यंत लाल झाली आणि बाकावर बसलेल्या धाकटीने त्या माणसाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. वर्षाच्या आत तो तिचा भावोजी झाला.

पुढे दुकान भावोजींकडेच आलं आणि सगळे त्यांना चष्मेवाले म्हणू लागले. मूलबाळ झालं नाही, पण दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. मग ताई आजारी पडली आणि गेली. चष्मेवाले पहिलं वर्षभर कामापुरतंच बोलले. दुसऱ्या वर्षी त्यांनी माळ्यावरून एक रेकॉर्ड काढली.

दोघी बहिणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. तिथल्या बायकांचं गायनपथक होतं, त्यात दोघी गायच्या, आणि पथकाने हौसेने एक रेकॉर्ड काढली होती. दुकान सोडून चष्मेवाले त्यांच्या एकाही कार्यक्रमाला गेले नव्हते. ताई घरात कधी गुणगुणतसुद्धा नसे. तू कशी गातेस, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. आता तिचा आवाज उरला होता तो त्या वीसेक बायकांच्या आवाजांत मिसळलेला, आणि चष्मेवाल्यांना तो वेगळा काढून ऐकायचा होता.

जुन्या प्लेअरवर सगळा गलकाच ऐकू यायचा. म्हणून त्यांनी चांगलं टर्नटेबल घेतलं. मग त्याच्याखाली दगडी फरशी आली, तबकडीखालचं रबर बदललं, आवाज मोठा करणारा डबा बदलला. पण एका वेळी एकच गोष्ट. दोन काचा एकदम बदलल्या तर कशाने दिसू लागलं ते कळत नाही, हा त्यांचा दुकानातला नियम. शेजारीण म्हणायची, घरात माणूस एक आणि सामान लग्नाच्या वाजंत्र्यांइतकं. तिला ते चहा द्यायचे आणि पुन्हा ऐकायला बसायचे.

हळूहळू त्यांना एक आवाज सापडला. दुसऱ्या कडव्यात तो बाकीच्यांच्या किंचित पुढे धावायचा. "ही बघ तुझी ताई," ते धाकटीला म्हणाले होते. "हिला कायम घाई." गाडीच्या वेळेआधी तासभर निघणारी ताई दोघांनाही आठवली. धाकटीला त्या आवाजांच्या धुक्यात काही ओळखू आलं नव्हतं, तरी तिने मान डोलावली होती.

आता टर्नटेबलच्या दुकानदाराने त्यांना दोन वस्तू घरी वापरून बघायला दिल्या होत्या. एक नवी बारीक सुई, ती जिच्यात बसवलेली असते त्या इवल्या डबीसकट. दुसरी ती सुई पेलणारी लांब दांडी. दोन्ही परवडणार नव्हत्या, एकच ठेवायची होती. निवाड्यासाठी त्यांनी धाकटीला बोलावलं आणि दुकानातल्यासारखं समोर खुर्चीत बसवलं.

आधी जुनी सुई लावली. मग नवी. दुसरं कडवं आलं आणि तो आवाज कुणीतरी खोलीत येऊन उभं राहावं तसा पुढे आला. त्याच्या प्रत्येक "स"मागे बारीकशी शिट्टी होती. रेकॉर्ड काढली त्या वर्षी धाकटी एक्स्चेंजच्या जिन्यावर पडून तिचा पुढचा दात मोडला होता आणि नवा दात बसेपर्यंत तिच्या तोंडून अशीच शिट्टी वाजायची.

चष्मेवाले स्पीकरकडे झुकले होते. डोळे मिटलेले, तळहात हवेत, समोरच्या गालाला लावावा तसा. आधीचं बरं, एवढं म्हटलं असतं तर सुई परत गेली असती आणि ताई त्या धुक्यात सुखरूप राहिली असती. धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"आधीचं बरं की आताचं?"

"आताचं स्पष्ट आहे, भावोजी," ती म्हणाली. "म्हणूनच सांगते. ती ताई नाही. मी आहे."

त्यांनी सुई उचलून रेकॉर्ड थांबवली. मग ते चष्म्याच्या काचा पुसत बसले. ज्या आवाजाला इतके महिने रोज हाक मारली, तो समोर खुर्चीत बसला होता.

"मग ती कुठंय?"

"खालच्या सुरात. मागच्या रांगेत उभी राहायची. तिथे सगळ्या एकजीव होतात, कुणीच वेगळं ऐकू येत नाही. तिला तेच आवडायचं."

कसं गायची, असं त्यांनी विचारलं. धाकटीने ताईची ओळ गुणगुणून दाखवली. आता तिचा आवाज फाटत होता, तरी त्यांनी तिला ती पुन्हा म्हणायला लावली, आणि मग आणखी एकदा.

"हे तर सावकाश आहे," ते म्हणाले.

"गाताना तिला कसलीच घाई नसायची."

दुकानदार आधीच म्हणाला होता, सुई वरचे बारकावे उघडते, पण खालचे सूर नीट हवे असतील तर दांडी स्थिर पाहिजे. चष्मेवाल्यांनी नवी सुई अलगद काढून खोक्यात ठेवली.

"धाकटे, तुला परत पाठवतोय. राग मानू नकोस."

"पाठवा खुशाल," ती म्हणाली. "मोडक्या दाताची गायिका कोण ठेवून घेणार?"

ते हसले, पण खोक्याचं झाकण लावायला त्यांना वेळ लागला.

दांडी बसवून आता बरेच महिने झाले. खालचा सूर जमिनीतून आल्यासारखा घुमतो, दहा-अकरा बायका एका श्वासात गातात. त्यांतली ताई कोणती, ते अजून कळलेलं नाही. चष्मेवाले हल्ली रविवारी दुपारी दुकान उघडत नाहीत, जेवण झालं की ऐकायला बसतात.